बाहेरचा प्लेअर

ऋतुराज गायकवाडने एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले, तो व्हिडिओ आमच्या विंगमध्ये अजून फिरतो. २८ नोव्हेंबर २०२२, विरुद्ध उत्तर प्रदेश, त्यात एक नो-बॉल, म्हणून सात. परवा मेसमधून येताना एका फर्स्ट इयरच्या पोराने तो बघितला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं की ही विजय हजारे ट्रॉफी म्हणजे अण्णा हजारेंच्या भावाच्या नावाची का? अख्खी विंग लोळून हसली. मीही हसलो. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, की हा सांगलीचा आहे, याला माहीत असेल. आणि माझं हसू तिथंच थांबलं. कारण विजय हजारे सांगलीचे, एवढंच मला माहीत होतं. पुढे काय? काही नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर बसल्यासारखं झालं.

त्यात माझा रूममेट कराडचा. त्याच्या गावापासून खाशाबा जाधवांचं गोळेश्वर अगदी जवळ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आमच्याकडचं, हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो. त्याने त्या दिवशी मला विचारलं की सांगलीकरांकडे हळद आणि भडंग सोडून दाखवण्यासारखं काय आहे. मी स्मृती मानधनाचं नाव टाकून वेळ मारून नेली, पण मनात राहिलं. सबमिशनच्या आठवड्यात, म्हणजे वाचायला सर्वांत जास्त वेळ असतो तेव्हा, मी लायब्ररीत आणि मोबाईलवर हजारेंचा शोध घ्यायला बसलो.

खरं सांगायचं तर या शोधाला आणखी एक कारण होतं, आणि ते विंगमध्ये कोणाला माहीत नव्हतं. गेल्या डिसेंबरात तासगावकडच्या एका गावात टेनिस बॉलची स्पर्धा होती. तिथल्या एका टीमने मला बाहेरचा प्लेअर म्हणून बोलावलं. पाचशे रुपये, एसटीचं भाडं आणि नाश्ता. आयुष्यात पहिल्यांदा खेळायचे पैसे मिळणार होते. मैदानाभोवती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून लोक बसलेले, लाउडस्पीकरवर माझं नाव, साताऱ्याहून खास आलेला इंजिनिअर फलंदाज वगैरे. मी गेलो आणि पहिल्याच बॉलला बोल्ड झालो. स्पीकरवाला क्षणभर गप्प झाला, त्याचा आवाज अजून कानात आहे, म्हणजे तो न आलेला आवाज. कॅप्टनने संध्याकाळी पाचशेची नोट हातात ठेवली. मी नको म्हणालो, त्याने खिशात कोंबली. घरी सांगितलं तर वडील म्हणाले की पैसे घेऊन खेळायचं म्हणजे खेळाला धंदा करणं झालं, तुला काय कमी आहे? ती नोट मी दोन महिने मोडली नाही.

तर हे डोक्यात असताना मी हजारे वाचायला लागलो.

विजय सॅम्युअल हजारे. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. मास्तरांच्या घरात आठ पोरं म्हणजे पैशाचं गणित काय असेल, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना समजावून सांगायला नको. या घरातला मुलगा क्रिकेटवर पोट भरणार असेल, तर त्याला ते पैसे घेऊनच खेळावं लागणार होतं. हौस म्हणून खेळायला आधी घरचं भागलेलं असावं लागतं.

सुरुवातीला त्यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते बॉलर म्हणून. मध्यमगती गोलंदाजी, आणि खाली येऊन बॅटिंग. बॅट धरायची पद्धतही विचित्र. दोन हातांत अंतर, आणि बॅट दोन पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी. आज आपल्या ग्राउंडवर कोणी असा उभा राहिला तर सीनिअर पहिल्या दिवशी त्याचा स्टान्स बदलायला लावतील. हजारेंचं नशीब असं की त्यांना देवासच्या महाराजांचा आश्रय मिळाला आणि ऑस्ट्रेलियाचा जगप्रसिद्ध लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट कोच म्हणून लाभला. ग्रिमेटने बाकी बरंच शिकवलं, पण त्यांच्या ग्रिपला हात लावला नाही. आहे ते राहू दे म्हणाला. माझ्या मते कोचिंगच्या इतिहासातला हा फार मोठा निर्णय आहे. चालू असलेलं मशिन उगाच उघडू नये, हे वर्कशॉपमध्ये आपल्याला रोज सांगतात.

त्या काळात क्रिकेटपटूचा पगार म्हणजे संस्थानिकाची नोकरी. राजाच्या फौजेत किंवा दरबारात हुद्दा मिळायचा आणि काम असायचं क्रिकेट. हजारे पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत गेले आणि कायमचे बडोदेकर झाले. १९४१ ते १९६१ ते बडोद्याकडून खेळले. म्हणजे सांगलीचा हा माणूस विशीनंतर सतत कुठल्या ना कुठल्या टीमचा बाहेरचा प्लेअर होता.

बडोद्याला जायच्या आधी १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात त्यांनी बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं भारतीयाचं हे पहिलं त्रिशतक. ज्यांना धुतलं त्यांनीच नोकरी दिली, यात नवल नाही. चांगला प्लेअर विरुद्ध बाजूला दिसला की पुढच्या वर्षी त्याला आपल्याकडे ओढायचा, हे आपल्याकडच्या गावच्या टीमही करतात.

आता मुंबईची पंचरंगी स्पर्धा. हल्लीच्या पोरांना ऐकून धक्का बसेल, पण तेव्हा मुंबईत धर्मावर टीम असायच्या. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून पाचवी, बाकीचे. म्हणजे खरंच टीमचं नावच बाकीचे. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे जे कुठल्याच खान्यात बसत नाहीत ते सगळे त्यात. हजारे अर्थातच त्या टीमकडून. डिसेंबर १९४३ ची फायनल, ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर हिंदू. विजय मर्चंटने नाबाद २५० काढले आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. बाकीचे १३३ त गारद, त्यातले ५९ हजारेंचे. फॉलोऑन. दुसऱ्या डावात ३८७, आणि त्यात एकट्या हजारेंचे ३०९! धाकटा भाऊ विवेक एका बाजूला उभा होता. दोघांची भागीदारी ३०० धावांची आणि त्यात विवेकच्या धावा २१. तरीही एक डाव आणि ६१ धावांनी हरलेच. मी हा स्कोअर कॅल्क्युलेटरवर बेरीज करून दोनदा तपासला, कारण विश्वास बसेना. उरलेले सगळे मिळून आणि अवांतर धरून ७८.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात होळकरांविरुद्ध रणजीची फायनल झाली. ३ बाद ९१ वरून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ जोडल्या. गुलचे ३१९, हजारेंचे २८८. कुठल्याही विकेटसाठी हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला, मग संगकारा-जयवर्धनेने मोडला. एकोणसाठ वर्षं.

पण हजारेंचं नाव जगात झालं ते ॲडलेडमुळे. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा, ब्रॅडमनचे २०१. ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला तो हजारेंनीच, त्याच दौऱ्यात सिडनीतही त्यांनी त्याला बोल्ड केलं होतं. मग बॅटिंगला येऊन पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात १४५. समोर लिंडवॉल आणि मिलर. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावाचं स्कोअरकार्ड बघा कधीतरी. भारत सर्वबाद २७७, आणि सहा जणांच्या नावासमोर भोपळा. लिंडवॉलच्या सात विकेट. सामना एक डाव आणि १६ धावांनी गेला. ब्रेबॉर्न काय आणि ॲडलेड काय, चित्र तेच. एका टोकाला हा पॅडमध्ये बॅट अडकवून उभा, दुसऱ्या टोकाला जत्रा.

अशा माणसाची गरज जगात एका ठिकाणी सर्वांत जास्त होती. ते ठिकाण म्हणजे लँकेशायर.

मेकॅनिकलवाल्यांना लँकेशायर म्हटलं की बॉयलर आठवतो. हॉरिझाँटल, इंटर्नली फायर्ड, दोन फ्ल्यू ट्यूब. आकृती काढून काढून हात दुखलेत. मला आतापर्यंत ते बॉयलरच्या मालकाचं नाव वाटायचं. ते उत्तर इंग्लंडमधल्या परगण्याचं नाव आहे. मँचेस्टरच्या फेअरबेर्नने १८४४ मध्ये हा बॉयलर काढला तो तिथल्या गिरण्या चालवायला. गिरण्या कापडाच्या. कापूस आपल्यासारख्यांच्या देशातून जायचा, कापड परत आपल्याच बाजारात यायचं, हे शाळेत शिकलोय. त्या दऱ्याखोऱ्यांत दर चार-पाच मैलांवर एक छोटं गाव, गावात धुराडी, आणि धुराड्यांच्या मध्ये एक क्रिकेटचं मैदान. गिरणीला शनिवारी दुपारी सुट्टी, म्हणून मॅच शनिवारी दुपारी. एक दिवसात निकाल. लँकेशायर लीग १८९२ मध्ये सुरू झाली, क्लब चौदा. नेल्सन, बर्नली, कोल्न, बेकप, हॅसलिंग्डेन, रॉटनस्टॉल अशी गावं. आकाराने आपल्या वाई, कराड, तासगावसारखीच समजा, फरक धुराड्यांचा.

या लीगचा एक नियम मला फार आवडला. प्रत्येक क्लबला पगारी खेळाडू एकच. बाकी दहा जण गावातले. कोणी गिरणीत, कोणी दुकानात, कोणी शाळेत मास्तर, सगळे फुकट खेळणारे. तो एक पगारी मात्र जगातून कुठूनही आणायचा. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये नेल्सनला आला आणि त्याच्या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. आपला अमरसिंग कोल्नला होता, लाला अमरनाथ नेल्सनला. महायुद्ध संपल्यावर तर रांगच लागली. एव्हर्टन वीक्स बेकपला, फ्रँक वॉरेल रॅडक्लिफला, विनू मांकड हॅसलिंग्डेनला. आणि १९४० चं दशक संपता संपता आपले सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला. पुढे ते शेजारच्या सेंट्रल लँकेशायर लीगमध्ये रॉयटन क्लबकडूनही खेळले.

कल्पना करा. बेकप आणि रॉटनस्टॉल एकाच रोसेंडेल खोऱ्यातली शेजारची गावं. एकीकडे वीक्स, दुसरीकडे हजारे. म्हणजे सातारा आणि कोरेगावच्या टीममध्ये मॅच आहे, आणि दोन्हीकडे एकेक जागतिक दर्जाचा फलंदाज, बाकी सगळे एसटी डेपोतले आणि सोसायटीतले. तिकीट काढून गाव लोटायचं. हे रोसेंडेल तेव्हा सपातांच्या, म्हणजे घरात घालायच्या स्लिपरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. आणि पाऊस आपल्या साताऱ्यासारखाच. तिथे ओल्या पिचवर खेळायचं, जिथे बॉल थांबून येतो आणि कधी वळेल सांगता येत नाही. आपल्याकडच्या मॅटिंगवर वाढलेल्या माणसाला ही निव्वळ दुसरी परीक्षा, आणि तीसुद्धा सिलॅबस न सांगता.

पगारी खेळाडूने काय काय करायचं? आधी बॅटिंग. मग बॉलिंग, तीही एका टोकाने जवळपास संपूर्ण डाव. आठवड्यात संध्याकाळी गावातल्या पोरांना नेटमध्ये शिकवायचं. आणि हरलं तर सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. पगाराशिवाय वर एक पद्धत होती, पन्नास धावा झाल्या की किंवा भरपूर विकेट काढल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवायची. गिरणी कामगार त्यात पेनी-शिलिंग टाकायचे आणि ती जमा झालेली रक्कम त्या खेळाडूला मिळायची. हे वाचताना मला आपल्याकडचा कुस्तीचा फड आठवला. निकाली कुस्ती झाली की पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. तिथे कोणाला लाज वाटत नाही. माझ्या वडिलांनीही जत्रेत अशा नोटा दिलेल्या मी पाहिल्यात.

मला वाटतं या कामासाठी हजारेंइतका तयार माणूस दुसरा नसेल. दहा जण पडतील, आपण उभं राहायचं, आणि पडलेल्यांना काही बोलायचं नाही. हे त्यांनी ब्रेबॉर्नला आणि ॲडलेडला करून झालेलं होतं. स्वभावाने ते अबोल, आरडाओरडा शून्य. क्लबच्या दृष्टीने बघितलं तर असा माणूस म्हणजे एकाच पगारात सलामीवीर, बॉलर आणि मास्तर. मास्तरकी तर रक्तातच होती.

इंग्लंडमध्ये मात्र पैसे घेणाऱ्याची एक वेगळीच जात होती. तिथे हौशी खेळाडू म्हणजे जेंटलमन आणि पगारी म्हणजे नुसता प्लेअर. बऱ्याच मैदानांवर दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. स्कोअरकार्डवर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची आणि पगाऱ्याची नंतर. हा प्रकार १९६२ पर्यंत चालला. इंग्लंडचा कॅप्टन हौशीच असला पाहिजे, असा दंडक होता. तो मोडला १९५२ मध्ये, जेव्हा लेन हटन या पगारी खेळाडूला कप्तान केलं. आणि त्याची पहिली मालिका कोणाविरुद्ध? भारताविरुद्ध. भारताचा कप्तान कोण? रॉटनस्टॉलचे माजी पगारी खेळाडू विजय हजारे. टॉसला उभे राहिलेले दोघेही खेळाचे पैसे घेणारे. हे वाचून मी रात्री अकराला रूममेटला उठवून सांगितलं. त्याने कूस बदलली.

या मालिकेआधी, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला हजारेंच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला होता. वीस वर्षं कसोटी खेळल्यानंतर पहिला. इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी. मांकडच्या बारा विकेट, पंकज रॉय आणि उम्रीगरची शतकं. हजारेंनी त्याच मालिकेत दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ काढले होते. म्हणजे उन्हाळ्यात इंग्लंडला जाताना सगळं छान होतं.

पण एक घोळ झाला. मांकडला त्या उन्हाळ्यासाठी हॅसलिंग्डेनने करारात बांधलं होतं. निवड नक्की आहे असं बोर्डाने सांगितलं असतं तर त्याने क्लब सोडला असता. बोर्डाने तसं सांगितलं नाही, म्हणून तो क्लबकडे गेला. म्हणजे भारताची टीम इंग्लंडमध्ये, भारताचा सर्वांत मोठा ऑलराउंडर इंग्लंडमध्ये, आणि दोघांची गाठ नाही.

पहिली कसोटी लीड्सला, जूनमध्ये. पहिल्या डावात ३ बाद ४२ वरून हजारे आणि वीस वर्षांचा विजय मांजरेकर यांनी २२२ जोडल्या. मांजरेकर १३३, हजारे ८९. इथपर्यंत ठीक. दुसरा डाव. फ्रेड ट्रूमन नावाच्या पोराची पहिलीच कसोटी. पंकज रॉय शून्य. दत्ताजी गायकवाड शून्य. माधव मंत्री शून्य. मांजरेकर शून्य. मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या दोन बॉलवर. फक्त १४ बॉल झालेत आणि फलकावर शून्यावर चार. क्रिकेटच्या इतिहासात असा फलक लागला नव्हता. ट्रूमनची हॅटट्रिक व्हायची आहे, मैदान ओरडतंय, आणि पॅव्हेलियनमधून कप्तान हजारे चालत येतात.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आठवल्या. माझ्यावर काय होतं? पाचशे रुपये आणि एक गाव. यांच्यावर पाच वर्षं वयाचा देश.

हजारेंनी तो बॉल खेळून काढला. मग उम्रीगर गेला, ५ बाद २६. मग हजारे आणि दत्तू फडकर यांनी १०५ जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४, भारत १६५. सामना सात विकेटने गेला. पुढच्या लॉर्ड्स कसोटीसाठी बोर्डाने हॅसलिंग्डेनशी बोलणी करून मांकडला सोडवून आणलं. त्याने त्या एका सामन्यात ७२ आणि १८४ काढले आणि मिळून ९७ ओव्हर टाकल्या. त्या लॉर्ड्सला हजारेंचेही नाबाद ६९ आणि ४९ आहेत, पण मांकडच्या पुढे कोणाला दिसणार? भारत तरी हरलाच. क्लबच्या पगाऱ्याला देशाने उसना घ्यावा, यापेक्षा पगारी खेळाडूची थोरवी आणखी काय सांगू? जुलैत मँचेस्टरला, म्हणजे खुद्द लँकेशायरमध्ये, १९ तारखेला एकाच दिवशी भारत दोनदा सर्वबाद झाला, ५८ आणि ८२. हजारेंच्या जुन्या गिरणी गावांतले किती लोक तो सामना बघायला आले असतील, असा विचार मनात येतोच.

आणि आता माझ्या कराडच्या रूममेटसाठी. मँचेस्टरच्या त्या १९ जुलैनंतर बरोबर चार दिवसांनी, २३ जुलै १९५२ ला, हेलसिंकीत खाशाबांनी ब्राँझ जिंकलं. कृष्णाकाठचे दोघे एकाच आठवड्यात युरोपात होते, एक सर्वांत वाईट दिवस बघत आणि एक सर्वांत चांगला. खाशाबांना ऑलिंपिकला जायला वर्गणी गोळा करावी लागली, कारण तिथे पैसे घेणाऱ्याला प्रवेशच नव्हता आणि पैसे देणाराही कोणी नव्हता. शिवाय सांगली कोण आणि सातारा कोण हा आमचा रोजचा वादही त्या वर्षी फुसका ठरतो. १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग केले तेव्हा कराड उत्तर साताऱ्यात होतं आणि सांगली दक्षिण साताऱ्यात. सांगली जिल्हा हे नाव १९६० चं. म्हणजे १९५२ मध्ये दोघेही सातारकर! हे मात्र रूममेटने नीट उठून बसून ऐकलं, आणि म्हणाला, मग हजारेही आमचेच.

पुढचं थोडक्यात. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये हजारे शेवटची कसोटी खेळले. ३० कसोटी, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतकं. १४ कसोटींत कप्तान, एक विजय. कप्तानीने त्यांच्या बॅटिंगवर ओझं टाकलं असं बरेच जाणकार मानतात. मलाही ते पटतं. दुसऱ्याला हुकूम सोडण्यापेक्षा स्वतः उभं राहणं त्यांना सोपं जात असणार. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, ६० शतकं आणि वर ५९५ विकेट. या विकेटचा आकडा लोक विसरतात. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वर्षी ती मिळालेले ते आणि जसू पटेल हे पहिले क्रिकेटपटू. १८ डिसेंबर २००४ ला वडोदऱ्यात ते गेले, वयाच्या ८९ व्या वर्षी.

आज स्मृती मानधना सांगलीच्या माधवनगरात खेळून मोठी झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये, इंग्लंडच्या लीगमध्ये करारावर खेळून आली. तिथे तिला कोणी वेगळ्या दाराने आत जायला सांगितलं नाही. तिचं पोस्टर आमच्या विंगमध्ये आहे. हजारेंचा फोटो मी प्रिंट काढून त्याच्या खाली चिकटवलाय, पॅडमध्ये बॅट अडकवलेला. त्या फर्स्ट इयरच्या पोराने परवा विचारलं की हे कोण. सगळं सांगितलं, अर्धा तास. मेसची वेळ गेली, दोघांनी नाक्यावर जाऊन मिसळ खाल्ली. पैसे त्या पाचशेच्या नोटेतून दिले.

वडिलांना हे सगळं फोनवर सांगून बघितलं. टोपीची गोष्ट सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं की पेपर कधीपासून आहेत.

त्या गावच्या कॅप्टनचा मात्र पुन्हा फोन आलाय. यंदा स्पर्धा मोठी आहे, ट्रॉल्याही जास्त असतील. मी त्याला गेल्या वेळची आठवण करून दिली, तर म्हणाला ते राहू दे, या वेळी दोन ओव्हर टाकाव्यापण लागतील, जमेल का. मी हो म्हणालोय. रविवारी सकाळी सहाची एसटी आहे.